बांधावरची शिंदी

गेवराईजवळ आमच्या शेताच्या बांधावर शिंदीचं झाड होतं. बांध आमचा, झाड निजाम सरकारचं. रसाची दारू होते म्हणून सगळ्या शिंदी सरकारजमा. बुंध्यावर तसा शिक्काच होता. मग तिची सावली कुणाची, हे मला अजून कळलेलं नाही.

एका वादळात ते झाड आमच्या विहिरीवर आडवं पडलं. पाटलांनी बजावलं, "साहेब बघून जाईस्तोवर हात लावू नका." साहेब फिरकलाच नाही. दोन महिने मी खोडाखालून वाकून पाणी शेंदलं. शेवटी कंबर धरली, तशी सासऱ्यांना म्हणाले, "मामा, कावून वाकायचं? विहीर तर आपलीच हाय ना?"

सासरे गोंधळले. "इचारून येतो," म्हणाले आणि चावडीकडं निघाले.