पाणीपट्टीला सूचक मिळेना

ग्रामसेवकाची बदली झाली, की सगळा चार्ज नव्या माणसाच्या ताब्यात द्यावा लागतो. टेबल, खुर्च्या, लोखंडी कपाट, शिक्के, एवढंच काय, फुटका कंदीलसुद्धा! किस्से मात्र कुणीच ताब्यात मागत नाही. मग ते आपल्याबरोबर घरी येतात आणि साठत जातात. माझ्याकडे इतके साठलेत, की हिच्या मते आता घरात जागा उरली नाही.

यातले बहुतेक एकाच गावचे आहेत. चुडावा स्टेशनवर उतरून कच्च्या गाडीवाटेनं जावं लागायचं असं गाव. नाव सांगत नाही, कारण किश्श्यांतली अर्धी मंडळी अजून चांगली धडधाकट आहेत आणि माझा पत्ता त्यांना ठाऊक आहे!

तेव्हा विद्यापीठाचं नामांतर व्हायचं होतं. मराठवाड्यात बरंच काही वाईट घडून गेलं होतं. आमच्या गावात काही पेटलं नाही, पण चार माणसं जमली की बोलणं जरा जपून व्हायचं.

*

सरपंच होते नाना. गावचे पाटील, मनानं मोकळे, पण कोणत्याही अवघड प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असायचं. "बघू!"

दुसरे अप्पा, पंचायतीचे सदस्य. किराणा दुकानदार, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग. बोलणं अगदी तोलूनमापून.

आणि कोंडाबाई. ओढ्यापलीकडच्या दलितवस्तीतून निवडून आलेल्या. पहिल्या बैठकीला त्या ऑफिसच्या उंबऱ्यावरच बसल्या. मी म्हणालो, "बाई, आत या, खुर्ची आहे." त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "या की! खुर्ची सरकारची हाय, माझी न्हाई." तेव्हापासून त्या खुर्चीवर बसू लागल्या.

बैठकीनंतरचा चहा मात्र नानांच्या वाड्यातून यायचा. नानी, म्हणजे नानांच्या मंडळी, स्वतः घेऊन यायच्या. साखर सढळ हातानं, दूधही भरपूर. पण कोंडाबाईंची कपबशी वेगळी असायची, आणि ती वळचणीला ठेवलेली असायची. कोंडाबाई चहा प्यायच्या, कप विसळून जागेवर ठेवायच्या. मला फार वाईट वाटायचं. पण मी आपला चहा संपवून दप्तर आवरायला घ्यायचो.

प्रत्येक बैठक संपताना कोंडाबाई एकच प्रश्न विचारायच्या, "आमच्या नळाचं काय?"

आणि नाना म्हणायचे, "बघू!"

*

त्या नळाचं असं होतं, की गावाला नळयोजना मंजूर झाली तेव्हा टाकी बांधली चावडीजवळ. पाणी सोडायचं पाळीपाळीनं. आधी चावडी गल्ली, मग बाजार गल्ली, शेवटी वस्ती. वस्तीची पाळी येईपर्यंत टाकी तरी रिकामी व्हायची, नाही तर लाईट तरी जायची. वस्तीवर नळ होता, पाणी नव्हतं. बाया ओढ्यात झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरायच्या.

उद्घाटनाचा दिवस मात्र थाटाचा! पंचायत समितीचे सभापती जीपमधून आले. त्याआधी गावातल्या बायांनी नळाची पूजा उरकून घेतली होती. नव्या विहिरीची ओटी भरतात, मग नळाची का नको? हळद, कुंकू, खण, नारळ, सगळं झालं. आता नळाला काही पदर नसतो. मग तांदूळ अन् सुपारी घालायची कुठं? घातली तोटीतच!

सभापतींनी तोटी फिरवली. पाणी नाही.

"मोटार चालू हाय का?" नाना ओरडले.

"चालू हाय!" पलीकडून ग्यानबा ओरडला. ग्यानबा म्हणजे पंचायतीचा शिपाई. दवंडी, दिवे आणि पाणी, तिन्ही खाती त्याच्याकडं.

सभापती वाकले, तोटीत डोळा घालून बघू लागले. तेवढ्यात आतून गुडगुड झालं आणि सुपारी सुटली ती थेट त्यांच्या टोपीवर! मागोमाग तांदूळ, मागोमाग पाणी. साहेब नखशिखांत भिजले.

अप्पांनी शांतपणे सुपारी उचलली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. "घ्या साहेब. पयला प्रसाद तुमचा!"

*

पाणी आलं तशी पाणीपट्टीही आली. अन् तिथून गावाचं डोकं चालायला लागलं.

पहिला प्रश्न, पट्टी बसवायची कशावर? घराप्रमाणे म्हटलं, तर मोठ्या कुटुंबांचा फायदा. माणसाप्रमाणे म्हटलं, तर म्हातारे म्हणाले, "आमी कुठं पाणी पितो? आमी च्या पितो!"

अप्पांनी तोडगा काढला. "माणूस पितो तांब्याभर. म्हैस पिती हौदभर. म्हशीमागं पट्टी लावा."

बापूराव नावाचे सदस्य होते, गावात सगळ्यात जास्त म्हशी त्यांच्या. त्यांनीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ग्यानबाला घेऊन मी म्हशी बघायला निघालो, तर गावात म्हैस औषधाला नाही! सगळ्यांचे गोठे मोकळे. जनावरं भल्या पहाटे शेतातल्या आखाड्यांवर, म्हणजे रानातल्या गोठ्यांवर, गेलेली.

तेवढ्यात डेअरीची गाडी आली आणि कॅनवर कॅन भरून दूध जायला लागलं.

मी विचारलं, "बापूराव, म्हशी नाहीत, मग हे दूध कुणाचं?"

"गावचं!" बापूराव म्हणाले. "गावाला पट्टी लावा की."

*

ग्यानबाच्या दवंडीचीही एक तऱ्हा होती. "ऐका हो ऐका! पाणीपट्टी भरा, न्हाईतर नळ बंद व्हतील!" असं तो चावडी गल्लीत ओरडायचा, बाजार गल्लीत ओरडायचा. स्वतःच्या गल्लीत आला, की नुसताच डफ वाजवत पुढं जायचा!

मी विचारलं, "इथं का ओरडत नाहीस रे?"

"भाऊसाहेब, माझी बी भरायची ऱ्हायली हाय. आपल्याच तोंडानं आपल्यालाच काय धमकी द्यावं?"

*

शेवटी पहिल्या वर्षी घराप्रमाणे सारखीच पट्टी ठरली, पण ती पुढं मोटारीच्या वीजबिलाला पुरेना. विजेच्या ऑफिसातून तंबी आली, की थकबाकी भरा नाही तर मोटारीची लाईन तोडतो. पट्टी वाढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे सगळ्यांना मान्य होतं. पण ठराव म्हटला की सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि ती नावं ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची आमच्या गावची पद्धत होती. एरवी मंदिराच्या रंगाचा ठराव असला, की सूचक व्हायला मारामारी व्हायची. पाणीपट्टी म्हटलं, की सगळे खिडकीबाहेर बघायचे.

एकदा अप्पांना युक्ती सुचली. बापूराव तेव्हा कापसाची गाडी घेऊन मानवतला गेलेले. जाताना दुकानावर तंबाखू घेताना म्हणाले होते, "अप्पा, बैठकीत जे काय व्हईल, त्याला माझं हो म्हनून समजा."

"हो हाय ना त्यांचं?" अप्पा म्हणाले. "मंग सूचक बापूराव!"

नानांनी मान डोलावली. त्यांना अनुमोदक व्हायलाही हरकत नव्हती. सगळं शेकतं ते सूचकावर, अनुमोदकाला कोण विचारतो!

बापूराव परतेपर्यंत बातमी गावभर झालेली. कापूस विकून खुशीत येणाऱ्या माणसाला वेशीतच लोकांनी घेरलं. तिथून बापूराव जे तडक निघाले ते ऑफिसातच घुसले.

"नाना, मी मानवतला गाडीवर झोपलो व्हतो! अन् हितं मी पट्टी वाढवली?"

नाना म्हणाले, "बापूराव, तुमी जागेपनी असं शहाणपनाचं कवा बोलले असते का?"

हसून हसून अप्पांच्या गळ्यातलं लिंग हलायला लागलं. पण बापूराव काही ऐकेनात. गैरहजर माणूस सूचक होत नाही, हा नियम शेवटी मीच दाखवला आणि ठराव रद्द झाला. मोटारीवरची टांगती तलवार तशीच राहिली.

*

पुढच्या बैठकीला विजेच्या ऑफिसचा माणूसच येऊन बसला. म्हणाला, आज ठराव दाखवा, नाही तर जाताना लाईन तोडून जातो. बोलून चालून ऐन उन्हाळा. सगळे खिडकीबाहेर बघत होते. नानासुद्धा.

"माझं नाव लिवा," कोंडाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"बाई, गाव शिव्या देईल," अप्पा म्हणाले. खरोखर काळजीनं म्हणाले.

"देऊ द्या. शिव्या आमाला नव्या हायेत व्हय? पर एक हाय. पट्टी सगळ्याला सारखी, मंग पाणी काहून न्हाई? आजपसून पाणी आमच्या टोकाकून सुटंल. आधी वस्ती, मंग बाजार गल्ली, मंग चावडी. हे बी त्याच ठरावात लिवा. न्हाईतर माझं नाव खोडा."

आता नानांनी काय म्हणावं, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. नानांनी तोंड उघडलं, विजेच्या माणसाकडं पाहिलं, मग कोंडाबाईंकडं पाहिलं. "लिवा भाऊसाहेब," ते म्हणाले. "अनुमोदक माझं नाव घाला."

मी तिथल्या तिथं ठराव लिहून काढला, मोठ्या आनंदानं!

ग्रामसभेत मी सूचकाचं नाव वाचलं. मागून कुणीतरी पुटपुटलं. कोंडाबाई उभ्या राहिल्या. "व्हय, मीच. कोन बोललं? म्होरं येऊन बोला."

कुणी पुढं आलं नाही. म्हटलं ना, त्या दिवसांत लोक बोलणं जपायचे. काहींना भीती होती, काहींना मनातून शरम होती. पट्टी वाढली, मोटार वाचली, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीच्या नळाला पाणी आलं. त्या दिवशी वस्तीतल्या पोरांनी नळाखाली इतक्या अंघोळी केल्या, की कोंडाबाईंना काठी घेऊन उभं राहावं लागलं.

*

आता शेवटचा सांगतो.

नानांच्या मुलीला बघायला सोनपेठचे पाहुणे यायचे होते. सकाळच्या रेल्वेनं चुडाव्याला उतरणार, गडी बैलगाडी घेऊन आणायला गेलेला. वाड्यात सगळी तयारी झालेली, आणि रांजण कोरडे! लाईट गेल्यानं टाकी अर्धीच भरली होती. अर्ध्या टाकीत वस्तीची पाळी भागणार, चावडी गल्लीची येणारच नव्हती. नळ आल्यापासून आड कुणी उपसला नव्हता, त्यातलं पाणी हिरवंगार झालेलं.

नानांनी ऑफिसात येऊन ग्यानबाला बोलावलं. "आजच्या दिस आधी चावडी गल्लीचा व्हॉल्व्ह खोल."

"नाना, ठराव हाय," ग्यानबा म्हणाला. "खाली तुमचंच नाव हाय."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं!

थोड्या वेळानं मी ग्यानबाबरोबर वस्तीवर गेलो, पाण्याला जोर आहे की नाही ते बघायला. नळाला धो धो पाणी, बायांची लांब रांग. आणि ओढा ओलांडून कोण येतंय? नानी! काठापदराचं लुगडं, कमरेवर तांब्याची मोठी घागर. मुलीला आज पाण्याला धाडता येत नव्हतं, गडी स्टेशनावर, म्हणून स्वतःच निघालेल्या. ओढ्यापलीकडं त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

बायांचं बोलणं थांबलं. सवयीनं दोघीतिघींनी आपले हंडे बाजूला घेतले आणि नळ मोकळा केला.

"हंडे कुनी हलवू नका," कोंडाबाई म्हणाल्या. मग नानींकडं वळून, "या नानी. पाव्हणे पोचायला किती टाइम हाय?"

"गाडी आत्ता स्टेशनात येत असंल."

"मंग हाय की टाइम. लावा नंबर!"

ग्यानबा माझ्या मागंच लपला. नानींनी रांगेकडं पाहिलं, कोंडाबाईंकडं पाहिलं, आणि घागर नेऊन रांगेच्या शेवटी ठेवली. उन्हात उभ्या राहिल्या. एकेक हंडा पुढं सरकला, तशी त्यांची घागरही सरकली.

पाळी आली. घागर काठोकाठ भरली. आता भरली घागर एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीनं हात लावावा लागतो. नानींनी चुंबळ डोक्यावर ठेवली, वाकून एका बाजूनं घागर धरली आणि थांबल्या. कुणी हलेना. कोंडाबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या.

नानींनी मान वर केली.

"कोंडाबाई, बघत काय ऱ्हायलीस? पाव्हणे येतेत. हात लाव!"