तळ्याला सुतक

आमच्या बारकूमामाकडे पाहुणा आला की चहाआधी मासा दाखवायची रीत होती. अठ्ठ्याण्णव साली घोटीजवळच्या तळ्यात मामाने रोहू-कटल्याची दोन हजार पिल्लं सोडली आणि तेव्हापासून ती त्याच्या डोक्यातही पोहायला लागली. कोणी आलं, की मामा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून मासे ओढणार, त्यातला धष्टपुष्ट रोहू पाहुण्याच्या हातात देणार आणि पोटभर कौतुक झाल्यावरच त्याला परत सोडणार. पोरीचं लग्न झाल्यावर तर व्याही, व्याह्यांचे भाऊ, भावांचे साडू असे जथेच येऊ लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. रोज दोन-चार उलटे तरंगायचे. मामाचं जेवण तुटलं. भातापेक्षा त्याचा जीव त्या पाण्यात जास्त. भागीमामीने निदान केलं, दृष्ट लागली. मामाचा उपाय त्याहून भारी: आजारी मासे रोज धरायचे आणि मामीने त्यांना हळद लावायची. मासे मरायचे ते मरतच राहिले, फक्त आता नवरदेवासारखे पिवळे होऊन.

शेवटी नाशिकहून मत्स्य खात्याच्या स्नेहलताई आल्या. त्यांनी पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. मग पाग कितीदा टाकता, असं विचारलं. दिवसातून तीनदा तरी, मामा छाती फुगवून म्हणाला.

"मामा, रोगाचे जंतू पाण्यात कायमच असतात," ताई म्हणाल्या. "धडधाकट मासा त्यांना दाद देत नाही. पण रोजची धरपकड झाली, की भीतीनंच त्याच्या अंगातली लढायची ताकद आटते. अंगावरचा बुळबुळीत थर हाताला लागून जातो, तो वेगळाच. आता त्यांना नुसतं सुखानं राहू द्या."

औषध फुकटचं, पण कडू. दारातल्या पाहुण्याला नाही म्हणायचं कसं? त्यात दोनच दिवसांनी व्याही दहा माणसं घेऊन हजर, आणि आल्या आल्या बाह्या सरसावून तळ्याकडे.

"व्याही, पाण्याला हात लावू नका," मामा मागून म्हणाला. "तळ्याला सुतक हाय."

दहाच्या दहा माणसं निमूट मागे सरकली आणि ओट्यावर बसून चहा प्यायली.

चट्टे हळूहळू निवळले. दीडेक हजार मासे वाचले. महिन्याभराने व्याही पुन्हा आले. दहा दिवस कधीच उलटले, आता सुतक फिटलं असेल ना, म्हणाले.

मामाने तळ्याकडे बघून सुस्कारा सोडला.

"कुठलं फिटतंय, व्याही. दीड हजाराचा कुटुंबकबिला हाय. दहा दिवस सरायच्या आत कोणी ना कोणी जातंच."