खोलीपेक्षा थंड पाणी

आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे चौघे होते आणि फिजिक्स येणारी व्यक्ती एकच होती. तिला मात्र वर्गात शिकवायचा अधिकार नव्हता. कुसुमलता चोरडिया डेमॉन्स्ट्रेटर होत्या. मुलांना प्रयोग दाखवायचे, मोडकी उपकरणं जुळवायची आणि जर्नलवर, म्हणजे प्रयोगांच्या वह्यांवर, सह्या करायच्या, एवढंच त्यांचं काम. जळगावातच त्यांच्या वडिलांचं, भिकमचंदजींचं, कापडाचं दुकान होतं. मुलगी पुण्याला जाऊन एम.एस्सी. झाली याचं समाजात कौतुक थोडं आणि काळजी फार. एकोणसत्तर साली त्या नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या आई तारादेवी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, लग्न ठरेपर्यंत वेळ घालवते आहे.

मी जळगावजवळच्या असोद्याचा, कौतिक भोळे. घरी केळी आणि कपाशी. मार्क पडले म्हणून बी.एस्सी.ला गेलो. पदार्थविज्ञानाशी माझं भांडण नव्हतं, आणि ओळखही नव्हती.

विभागप्रमुख होते प्राध्यापक लीलाधर बोंडे. ते पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगत, आम्ही उतरवून घेत असू. चष्मा घरी विसरला की त्यांचा तास होत नसे. उष्णतेचे सगळे नियम त्यांना वाचता येत होते. कॅलरीमीटरला, उष्णता मोजायच्या तांब्याच्या भांड्याला, मात्र त्यांनी नोकरीत कधी हात लावला असेल, असं मला वाटत नाही; त्याला काजळी लावलेली असते आणि सरांचा कोट पांढरा होता.

सत्तरच्या डिसेंबरात बोंडे सरांचं जाहीर व्याख्यान झालं. विषय होता कण आणि तरंग. हार झाले, नारळ झाला, मग सर बोलायला उभे राहिले. इलेक्ट्रॉन कणही असतो आणि तरंगही असतो, हे पाश्चात्त्यांना आत्ता कळलं, आपल्याकडे देव सगुणही होता आणि निर्गुणही होता, असं त्यांनी तासभर वेगवेगळ्या आवाजात सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. इतकं अवघड प्रकरण काहीच न शिकता समजलं, याचा आनंद मोठा असतो.

तिसऱ्या रांगेतून कुसुमलताबाई उठल्या. शंभर व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी किती येते, एवढंच त्यांनी विचारलं. सरांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले की हा तपशिलाचा भाग झाला. प्राचार्य लगेच आभार मानायला उठले.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला आल्या आल्या बाईंनी फळ्यावर गणित मांडलं. उत्तर आलं सुमारे एक पूर्णांक दोन अँगस्ट्रॉम; अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. धातूच्या स्फटिकात दोन अणूंमधलं अंतरही याच मापाचं, दोन-अडीच अँगस्ट्रॉम असतं, म्हणून इलेक्ट्रॉन तिथं आपटले की तरंगासारखे ठराविक दिशांनाच फाकतात आणि ते मोजता येतं, असं त्यांनी सांगितलं. मग हातानं फेकलेल्या दगडाचं तेच गणित केलं. तरंगलांबी इतकी बारीक आली की शून्यं लिहिता लिहिता फळा संपला. दगड दगडच का वाटतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शेवटी हात झटकत त्या म्हणाल्या, "हा गुणाकार-भागाकार आहे. देवाला यात आणू नका. त्याला त्याची कामं आहेत."

ही गोष्ट बोंडे सरांपर्यंत जाणारच होती, आणि गेली.

पुढच्या मार्चमध्ये, परीक्षेच्या दहा दिवस आधी, आम्ही बावन्न जणांनी सहीसाठी जर्नलं दिली. शेवटचा प्रयोग होता पाणी थंड होण्याचा. काजळी लावलेल्या तांब्याच्या कॅलरीमीटरमध्ये गरम पाणी भरायचं, झाकण लावायचं, दर मिनिटाला तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. पाणी खोलीपेक्षा जितकं जास्त गरम, तितकं भराभर निवतं. खोलीच्या जवळ आलं की रेंगाळतं. ऐंशी अंशांपासून सुरुवात करून आम्ही सगळ्यांनी पाणी तीस अंशांपर्यंत आणलं होतं. खोलीचं तापमान सगळ्यांनी लिहिलं होतं सत्तावीस. तारीख बावीस मार्च.

बाईंनी आम्हाला प्रयोगशाळेत उभं केलं. त्यांच्या हातात माझंच जर्नल होतं. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट करून त्यांनी मला वाचायला सांगितलं. एकोणचाळीस होते. बावीस तारखेलाही एकोणचाळीसच होते, त्यांच्या रोजच्या नोंदवहीत लिहिलेलं होतं.

"कौतिक," त्या म्हणाल्या, "खोली एकोणचाळीसवर आणि तुझं पाणी तीसवर. नऊ अंश कुणी चोरले?"

माझ्या शेजारी पारोळ्याकडचा भाईदास होता. एरवी तो मॅडमशी पुस्तकी मराठी बोलायचा, पण घाईत घरची अहिराणी तोंडात आली. "मॅडम, माठमा पानी बी खोलीथून थंड ऱ्हास ना?"

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. बावन्न जणांत विचार करणारा हा एकच निघाला, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याला उत्तर दिलं. माठ मातीचा असतो, पाणी पाझरून बाहेर येतं, त्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ खोलीपेक्षा थंड. तांब्यातून पाणी पाझरत नाही, आणि वर झाकण होतं. ते भाईदासला पटलं.

मग त्यांनी आमचं खरं कर्तृत्व वाचून दाखवलं. चौदाव्या मिनिटाला सगळ्यांचं पाणी बावन्नवरून सत्तावन्नवर चढलं होतं आणि पंधराव्या मिनिटाला पन्नासवर उतरलं होतं. कुठल्या तरी जुन्या विद्यार्थ्यानं एकाचा आकडा साताच्या वळणानं काढला होता. त्याचं जर्नल वर्षानुवर्षं हातोहात फिरत आलं होतं आणि आम्ही तो सात भक्तिभावानं उतरवला होता. विस्तव नाही, काही नाही, पाणी आपोआप पाच अंश तापलं, याचं एकालाही नवल वाटलं नव्हतं. त्या वर्षी आम्ही सगळे पदवीधर व्हायच्या बेतात होतो.

बाईंनी एकाही जर्नलवर सही केली नाही. तीन दिवस सकाळी आठपासून प्रयोगशाळा उघडी राहील, प्रयोग करा, जे येईल ते लिहा, असं त्यांनी सांगितलं. एकोणीस जण गेले. भाईदास पहिल्याच दिवशी गेला. आम्ही तेहेतीस जण सरळ बोंडे सरांच्या घरी गेलो.

सरांनी आमची तक्रार प्रेमानं ऐकली. बाई हुशार आहेत पण व्यवहार कळत नाही, असं म्हणून त्यांनी चहा मागवला आणि तो येईपर्यंत तेहेतीस सह्या केल्या. प्रत्येकाखाली 'समाधानकारक' लिहिलं. एकही आलेख उघडून पाहिला नाही. रस्त्यावर आल्यावर आम्ही सरांच्या मोठ्या मनाची तारीफ केली. आज ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांची सकाळ बोंडे सरांच्या घरच्या भरीत-पुरीत गेली. दुपारी ते जर्नलं चाळायला बसले. जुन्या जर्नलवरून गिरवलेली माझी वळणदार रेषा पाहून त्यांनी वीसपैकी अठरा दिले. भाईदासच्या आलेखात ठिपके रेषेच्या वर-खाली सांडलेले होते, पाणी त्रेचाळीसवर येऊन रेंगाळलं होतं, तापमान एकोणचाळीस लिहिलं होतं. परीक्षकांनी त्याला नऊ दिले आणि रेषा गुळगुळीत नाही असा शेरा मारला.

कुसुमलताबाई उपकरणं मांडायला तिथंच होत्या. त्यांनी हातातला दिवा टेबलावर ठेवला. या मुलानं पाणी खरोखर निवताना पाहिलं आहे, असं त्या सर्वांसमोर म्हणाल्या, आणि ज्याला अठरा मिळाले त्यानं पाहिलेलं नाही. असं म्हणताना त्या माझ्याकडे पाहत होत्या.

परीक्षक शांतपणे म्हणाले, "बाई, परीक्षा जर्नलची असते, पाण्याची नसते."

बोंडे सरांनी मान डोलावली. मी उठून खरं सांगू शकलो असतो. मी पेन्सिलीला टोक करत बसलो.

जूनमध्ये बाईंना पुढच्या वर्षाच्या नेमणुकीची ऑर्डर आली नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. तारादेवींना वाटलं, बरं झालं, आता तरी स्थळ बघू. भिकमचंदजींनी सगळी हकीकत ऐकून घेतली, असं मला पुढं त्यांच्या दुकानातल्या माणसाकडून कळलं. ते लेकीला म्हणाले, "बेटा, आपल्याकडे मीटर म्हणजे मीटर. त्यांच्याकडे नसेल, तर तिथं नको जाऊस." महिन्याभरात बाई धुळ्याला मावशीकडे राहायला गेल्या आणि मुलींच्या एका शाळेत शिकवू लागल्या. लग्न केलं नाही.

बोंडे सर दोन वर्षांत प्राचार्य झाले. उन्हाळ्यात त्यांच्या केबिनला वाळ्याचे पडदे लागत. भाईदास दुसऱ्या वर्गात पास झाला आणि गावाकडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवू लागला. मी पहिल्या वर्गात आलो. तो वर्ग मला पाटबंधारे खात्यात कारकून होण्यापुरता उपयोगी पडला.

शहात्तर साली माझी बदली धुळ्याला झाली. चार महिने टाळलं, मग एका शनिवारी त्या शाळेत गेलो. बाईंनी ओळखलं. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं की तेव्हा मी चुकलो, माफ करा.

"माफी मागायला पाच वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "सत्तावीस लिहायला किती वेळ लागला होता? माझी नोकरी राहू दे. भाईदासचे मार्क गेले, त्याला जाऊन सांग."

मी पुढच्या रविवारी जाईन म्हणालो. त्या वर्गाकडे निघाल्या आणि त्यांनी मला मागोमाग यायची खूण केली.

खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला होता. पुढं उभ्या तारेचा एक दिवा होता, त्याला लाल पतंगी कागद गुंडाळलेला. काजळी धरलेल्या काचेवर दोन ब्लेड जोडून ओढलेल्या दोन बारीक रेघा होत्या. मुली पाळीपाळीनं ती काच डोळ्याशी धरून दिव्याकडे बघत होत्या. रेघा दोनच असून दिसत होते बरेच लाल पट्टे, मध्ये काळोख सोडून सोडून. प्रकाश म्हणजे नुसते कण असते तर दोनच पट्टे दिसले असते, असं बाईंनी सांगितलं. आणि हाच प्रकाश काही धातूंवर पडला की कण पडावेत तसे इलेक्ट्रॉन उडवतो.

सुगंधा नावाच्या मुलीनं विचारलं, मग तो नक्की आहे काय?

"त्याला आपल्या बोलण्यात शब्द नाही," बाई म्हणाल्या. "शब्द नसला म्हणून थापा मारायच्या नाहीत. दिसलं ते मोजायचं."

एकीनं सात पट्टे मोजले, एकीनं नऊ. दोघींचं भांडण लागलं. बाईंनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि काच माझ्या हातात दिली. मुली माझ्याकडे बघू लागल्या. मी दोनदा मोजले. मला सहाच दिसले. बाईंनी नऊच्या खाली सहा लिहिले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.