पोथीवरचा पाचवा शिक्का

साखरखेर्ड्याच्या रुखमाबाईनं चपलेनं विंचू ठेचले होते, पण घरातल्या फारसी पोथीला हात लावताना तिला कापरं भरायचं. ती पोथी घरात कुणालाच वाचता येत नव्हती. लाल कातड्याची बांधणी, गुळगुळीत पिवळे कागद, सोनेरी चौकटी. आणि दर दसऱ्याला तलवारीशेजारी मांडून पुजल्यानं पहिल्या पानावर हळदीकुंकवाचे डाग. त्याच पानावर पाच मालकांचे पाच शिक्के होते. चार शाईनं खोडलेले, पाचवा तिच्या नवऱ्याचा, शेषरावांचा. सासू मरताना बजावून गेली होती, "ज्याचा शिक्का खोडल्या गेला, थो मालक जगला नाही."

महाराष्ट्र झाला त्या साली, दसऱ्याआधी ऊन दाखवायला म्हणून तिनं पोथी उघडली, तर पाचवा शिक्काही काळा! शेषराव सकाळीच एसटीनं लोणारला गेलेले. रस्त्यावर कुणी मोठ्यानं बोललं, तरी तिला वाटे, आला निरोप.

दिवेलागणीला शेषराव धडधाकट घरी आले. सोबत कोट घातलेला एक पाहुणा.

"काऊन रडून राह्यली?" ते म्हणाले. "पोथी या साहेबाले विकली. विकणाऱ्यानं आपला शिक्का खोडून द्याचा, अशी रीतच हाये. मीच काल खोडला."

रुखमाबाईच्या जिवात जीव आला. तेवढ्यात पाहुण्यानं खिशातून स्वतःचा शिक्का काढला.

"दादा, शिक्का मारू नोका, मारला का एक दिवस खोडल्या जाते," ती कळवळून म्हणाली.

पाहुणा हसला, शिक्का उठवला आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. त्याला चहा देताना रुखमाबाईला त्याच्या तोंडाकडे बघवेना.