कवाच पयला न आलेल्या बैलाचं गाणं

गाणी लिवायला कसा शिकलो ते सांगतो म्हटलं की तुमी आधीच सावरून बसला असणार. कृष्णेचा काठ, सांजवेळ, एक पोरगी, ती पडली दुसऱ्याच्या गळ्यात आन् ह्या गड्याला सुचलं गाणं. जरा दमानं घ्या. पोरगी न्हवती, बैल व्हता. आन् त्यो बी असला की जन्मात कवा पयला आला न्हवता.

शाळेत मला एकच इद्या येत व्हती, दुसऱ्याचा आवाज काढणं. गणिताच्या सरांचा आवाज काढून मी मागच्या बाकावरनं वर्ग सोडून द्यायचो. यष्टीचा कंडक्टर, शर्यतीच्या मैदानातला माइकवाला, आमची गाभण म्हस, सगळी माझ्या गळ्यात बिनभाड्यानं ऱ्हायला. पाटणला बारावी झाली आन् मी कराडात एका रेकॉर्डिंगवाल्या मास्तरांकडं जायला लागलो. त्यांच्या वडलांचा लग्नात वाजवायचा बँड व्हता. मास्तर त्यात क्लॅरनेट वाजवायचे. डीजे आला आन् बँड बसला. मंग मास्तरांनी पिठाच्या गिरणीवरची खोली घेतली, भिंतीला वाकळा ठोकल्या आन् कॉम्प्युटर मांडला. खाली दळण सुरू झालं की वर रेकॉर्डिंग बंद. त्या वेळात ते मला शिकवायचे.

आमच्याकडं शर्यतीचा बैल पाळणारा माणूस आता त्याच्यावर गाणं करून घेतो. मोबाईलवर फिरवायला, मिरवणुकीत लावायला. असली गाणी मी ढीगभर ऐकली व्हती. वाघ, वादळ, धुरळा, रुबाब आन् नाद, एवढं पोत्यात घालून हलवलं की गाणं तयार, असा माझा समज.

एक दिवस कवठे महांकाळकडचे एक हवालदार आले. फौजेतनं रिटायर झालेले, मिशी अजून ड्युटीवर. त्यांना बेंदराच्या, म्हंजे आमच्याकडल्या पोळ्याच्या, मिरवणुकीत लावायला गाणं पायजे व्हतं. बैलाचं वय झालेलं, ह्या सालानंतर पळवायचा न्हाई, तवा हे बेंदूर तरी त्याला मानानं मिरवायचा, एवढीच त्यांची इच्छा. मास्तरांनी काम माझ्या गळ्यात घातलं. मी चहा निवायच्या आत गाणं लिवलं आन् दुसऱ्या दिवशी फोनवर हवालदारांना म्हणून दावलं. वादळ आलं, धुरळा उडाला, समदी मैदानं मारली.

पलीकडं हवालदारांनी आधी घसा खाकरला. मंग हळू आवाज आला.

"बाळ, झ्याक हाय. पर ह्यो कवा पयला आलाच न्हाई रं. सेमीपतुर जातो आन् तितं बाद व्हतो. समद्या गावाला म्हाईत हाय. हे वाजवलं तर बैलाला काय कळणार न्हाई, मला मातुर तोंड लपवायला जागा ऱ्हायची न्हाई."

मास्तर शेजारीच व्हते. त्यांनी माझा कागद वढून घेतला आन् एकेका ओळीवर बोट ठेवून इचारायला लागले, ही ओळ दुसऱ्या बैलाला बसती का? बसती. मंग खोड. ही? ही बी बसती. खोड. असं करत करत कागदावर नुस्तं बैलाचं नाव ऱ्हायलं, आन् त्या नावाचे बैल तर गावोगाव.

"जाऊन बगून ये," मास्तर म्हणाले. "तितं लिवत बसू नको. तुला डोकं कमी हाय, पर कान हाय. त्यो वापर."

गेलो. खिलार बैल, पांढराफेक, डोळ्यात काजळ घातल्यावानी. हवालदारांनी त्याला खोंड असल्यापास्नं फौजी शिस्तीत वाढवलेला. त्यांनी "सावधान" म्हटलं की त्यो कान ताठ करून उभा. "विश्राम" म्हटलं की पाय मुडपून खाली बसायचा. मी बी त्यांच्यावानी आवाज काढून दोनतीनदा "सावधान" म्हणून बगितलं, तर त्यानं माझ्याकडं शेपटी केली.

काकू, म्हंजे हवालदारांची मालकीण, डोक्यावर वैरणीचा भारा घिऊन आल्या. मी कशाला आलोय ते ऐकलं, भारा धाडकन टाकला आन् म्हणाल्या, "बैलाचं गाणं. व्हय, एवढंच ऱ्हायलं व्हतं." आन् पाण्याची बादली उचलून गेल्या.

मी हवालदारांना इचारलं, तात्या, बैल हरला की तुमी काय करता? ते म्हणाले, काय करणार, घरी आणतो. पळताना पाय मोडून घेतलेली जनावरं त्यांनी बगितली व्हती. घरी येतो हेच लय, म्हणाले. दिस कलला तसं ते बैलाच्या मानेला तेल चोळायला लागले आन् मी तितं हाय हे इसरून त्याच्या कानात म्हणाले, "दमलास का रं माझ्या राजा?"

परतीच्या यष्टीत मी त्यो आवाज घोटत आलो. दमलास का रं. दमलास का रं. शेजारचा माणूस उठून म्होरल्या सीटवर गेला.

गाणं असं झालं:

दमलास का रं माझ्या राजा, लय पळालास आज,
पयला कुणी बी येऊ दे, तू घरी आलास आज.

दुसरी ओळ आधी हिच्यापेक्षा लय लांब व्हती. मास्तरांनी मला ती म्हणत गिरणीचा जिना चढायला लावला. जितं दम लागला तितनं म्होरचे शब्द कापले. म्हणाले, गाणाऱ्याला बी फुफ्फुस असतं. बाकीचं गाणं एका गाणाऱ्या पोरानं म्हटलं, पर सुरवातीचं बोलणं आन् शेवटचं "बस आता, विश्राम" मास्तरांनी माझ्याकडनं हवालदारांच्या आवाजात घेतलं.

बेंदराला मी कवठ्याकडं गेलो. म्होरं एक नंबरात आलेला बैल, त्याचं गाणं वाजतंय, धुरळा, वादळ, समदं. मागनं आमचा, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. कट्ट्यावरनं, गळ्यात सत्काराचा हार घातलेला एक जण म्हणाला, काय हवालदार, कुठल्या मैदानाचं गाणं लावताय? हवालदारांनी कासरा घट्ट धरला. कान लाल झाले व्हते त्यांचे.

डीजेवाल्यानं बटण दाबलं. "दमलास का रं माझ्या राजा" ऐकून माणसं हवालदारांकडं बगायला लागली. आवाज त्यांचा, पर तोंड मिटलेलं. मंग गाणं लागलं. म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. तेवढ्यात शेवट आला, "बस आता, विश्राम."

आन् बैल बसला. भर रस्त्यात, झुलीसकट, पाय मुडपून. मागची मिरवणूक पार वेशीपतुर तुंबली.

आता हसणार, म्हटलं. हसलेच. पर त्यो मगाचा कट्ट्यावरला माणूसच खाली उतरला, आपल्या गळ्यातला हार काढून बैलाच्या गळ्यात घातला आन् म्हणाला, "पळणारे लय बगितले. हुकूम पाळणारा ह्योच." हवालदारांनी "सावधान" म्हटलं, बैल उठला. मंग डीजेवाल्याकडं बगून ते म्हणाले, "परत लाव." मिरवणूक संपंस्तवर बैल किती येळा बसला ते इचारू नका.

मी खुशीत कराडला आलो. आठवड्यानं काकूंचा फोन.

"आरं मुडद्या, काय करून ठिवलंस? लगीन झालं आन् ह्ये पलटणीत गेले. रान मी बगितलं, पोरं मी वाढवली, सासू-सासऱ्याचं मी केलं. कवा इचारलं न्हाई, दमलीस का. पेन्शनीवर आले तवा वाटलं, आता इचारतील, तर बैल घिऊन आले. आन् तू त्याचं गाणं करून गावभर वाजीवलंस."

मी म्हटलं, आवं काकू.

"काकू काय? तुजं गाणं ऐकून बायका मला इचारत्यात, तुमचं गाणं कवा. ते ह्यांच्या कानावर गेलं. आता सकाळी इचारत्यात दमलीस का, दुपारी इचारत्यात दमलीस का. मी भाकरी थापाय बसले की चुलीम्होरं येऊन उभे. मला काम सुचंना. तू लावलंस, तूच बंद कर. त्यांच्याच आवाजात फोन कर आन् सांग त्यास्नी, विश्राम."