प्रवर्तकांच्या पानावर एकच नाव

मंडळी, ग्रुपवर गुंतवणूकदारांना दाखवायच्या पिच डेकची चर्चा चालली आहे, म्हणून लिहितोय. आज आत्मारामचं दहावं होतं. किलवणीला त्याच्या घरी जाऊन आत्ताच आलो.

आमच्या काळी डेक नव्हतं, प्रोजेक्ट रिपोर्ट असायचा. नव्वदच्या सुमारास सिल्वासात प्लास्टिकच्या दोरीचा कारखाना काढायचं आम्ही दोघांनी ठरवलं. मी बी.कॉम., आत्माराम नंदुरबारकडचा फिटर. मशीनचं सगळं डोकं त्याचं. टोकरखाड्यातल्या माझ्या खोलीवर तो सांगायचा आणि मी इंग्रजीत लिहायचो.

पैसे लावणारे शेठ सातवी पास भागीदार बघून बिचकतील, या भीतीने प्रवर्तकांच्या पानावर मी फक्त माझंच नाव टाकलं.

टाइप केलेली प्रत हातात घेऊन त्याने विचारलं, "माझं नाव हाय ना यात?"

"आहे रे," मी म्हणालो.

कारखाना उभा राहिला. मी मालक झालो, तो फिटरच राहिला. तरी लोकांना 'आमचा कारखाना' म्हणूनच सांगायचा.

आज वहिनींनी ट्रंकेतून तीच प्रत काढली. त्यांची नात इंग्रजी शाळेत जाते. ती म्हणाली, "आजोबा म्हणायचे नाव आहे, पण मला सापडत नाही."

"भाऊ, तुम्हीच दाखवा तिला," वहिनी म्हणाल्या.

मी मशीनच्या आकृतीवर बोट ठेवलं. "हे सगळं त्याचंच."

पोरगी बराच वेळ त्या आकृतीत नाव शोधत राहिली.

तुमच्या डेकमधलं टीमचं पान आज एकदा उघडाल? त्यावर कोण नाही?