खोटी स्तुती नको

माझे मामा चष्मे बनवायचे. दुकानामागे एक खोली होती. तिथे काचा घासायचं यंत्र होतं, एक लांब टेबल आणि भिंतीत बसवलेलं थंड कपाट. त्याच खोलीत त्यांचं मंडळ भरायचं. वाइन चाखायची, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा आणि त्यावर बोलायचं. शेजारीपाजारी त्याला पिणाऱ्यांचा अड्डा म्हणायचे. मला राग यायचा. पिणारे कधी एका पेल्यावर संध्याकाळभर वाद घालत बसतात का?

मंडळाचा जन्म फजितीतून झाला. मामा, छापखाना चालवणारे शाईकाका, गल्लीतले डॉक्टर आणि शाळेतल्या बाई असे चौघं एकदा बड्या हॉटेलात जेवायला गेले. वाइन आली. चौघांनी घोट घेऊन माना डोलावल्या. मामांनी तर 'अप्रतिम' म्हणून पेला पुन्हा भरून घेतला. तेवढ्यात आचारी धावत आला आणि माफी मागू लागला. बाटली आंबलेली होती, स्वयंपाकात वापरायला बाजूला काढलेली, चुकून टेबलावर आली होती. खरं तर चौघांनाही ती घशाखाली उतरत नव्हती, पण आपण अडाणी ठरू म्हणून कुणी तोंड उघडलं नव्हतं. घरी येताना हसून हसून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रस्त्यातच ठरलं की जिभेला जे कळेल तेच एकमेकांसमोर बोलायचं. मंडळाचा उद्देश एवढाच. नियम मात्र मामींना महागात पडला. शाईकाकांचं तोंड फाटकं. त्यांनी मामींच्या सूपला भांडी धुतलेलं पाणी म्हटलं, आणि मामी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

शाईकाकांनीच आणखी एक प्रथा पाडली. प्रत्येकानं आपल्या आवडीची एक बाटली कपाटात आडवी ठेवायची, आणि तो गेल्यावर उरलेल्यांनी ती उघडून खरं काय ते सांगायचं. ते म्हणायचे, मेल्यावरही खोटी स्तुती नको. स्वतःच्या बाटलीचं कौतुक मात्र ते जिवंतपणीच ऐकवून घ्यायचे: पिकलेला आलुबुखार, आणि मागून थोडा धूर. सगळ्यांना पाठ झालं होतं.

वर्षं गेली तसं मामांचं नाक तयार झालं. पहिला घोट त्यांचा, पहिला शब्दही त्यांचा. मग त्यांना एकदा जोराचा ताप आला. ताप उतरला, पण एके सकाळी दूध करपून पातेलं काळं झालं तरी शेगडीशेजारी बसलेले मामा शांतपणे पेपर वाचत होते. मामींनी डॉक्टरांना विचारू या म्हटल्यावर ते भडकले. नाक गेलं तर त्या टेबलावर माझं काय काम, म्हणाले. मामींनी आणि मी ही गोष्ट मंडळात कुणालाच सांगितली नाही. मामांनी मात्र हाय खाल्ली. ते कपाटाकडे फिरकेनात. रंगकामाच्या वेळी कामगारांनी बाटल्या उभ्या करून ठेवल्या, त्याही कुणी पुन्हा आडव्या केल्या नाहीत. उभ्या बाटलीचं बूच सुकतं, हवा आत शिरते आणि वाइन आंबते, हे ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याच कपाटात हे झालं.

शाईकाका गेले. दिवसकार्य झाल्यावर मंडळ बसलं, आणि त्यांच्या बायकोलाही, सगळ्यांच्या वहिनींना, बोलावलं. मामांनी बूच काढलं. दारात ताटं घेऊन उभ्या असलेल्या मला तिथवर आंबूस वास आला. मामांनी पेला नाकाशी नेला, घोट घेतला, डोळे मिटले.

"तो सांगायचा तशीच आहे," ते म्हणाले. "पिकलेला आलुबुखार. मागून थोडा धूर."

डॉक्टरांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा आक्रसला. पण समोर वहिनी बसल्या होत्या. खरंय, ते म्हणाले. बाईंनीही पेला ओठाला लावला आणि खरंय म्हणाल्या. मला ताटं आपटावीशी वाटली.

शेवटी वहिनींनी घोट घेतला. पेला हळूच खाली ठेवला.

"भावजी, तुम्ही या टेबलावर कधी खोटं बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला वास कधीपासून येत नाही?"

मामांनी पेला बाजूला सारला. "तापापासून," ते म्हणाले.

वहिनींनी मान हलवली. मग त्यांनी डॉक्टरांकडे आणि बाईंकडे पाहिलं. त्यांना त्यांनी काहीच विचारलं नाही. ते दोघं खाली मान घालून बसले. वहिनी निघून गेल्या, आणि मंडळ पुन्हा कधी भरलं नाही. डॉक्टर चष्म्यासाठीसुद्धा दुसऱ्या दुकानात जाऊ लागले.

मामा गेले तेव्हा मी डॉक्टर आणि बाई, दोघांकडे निरोप पाठवला. कुणी आलं नाही. मागच्या खोलीत एकटीच बसून मी त्यांची बाटली उघडली आणि घोट घेतला. तीही आंबली होती. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. तरी मी मोठ्यानं म्हटलं, "मामा, खराब आहे."